रिकाम्या रकान्याचं उत्तर

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार, आणि त्याच दमात माफी. तू तुझ्या ताईंकडे राहायला गेलीस त्याला बरेच दिवस झाले आणि माझ्याकडून तुला एक ओळ नाही. फोन झाले, पण त्यांत ‘बाबा कसे आहेत’ आणि ‘बरे आहेत’ यापलीकडे आपण दोघीही गेलो नाही. ‘कामं होती’ असं वर लिहिलं होतं. खोडलेलं तुला दिसेलच. कामं कधी नसतात? लिहायला बसवत नव्हतं, हे जास्त खरं.

आधी बाबांचं सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. छाती आता साफ आहे. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि ‘ठीक’ एवढंच म्हणाले, पण चेहऱ्यावरून खरंच ठीक वाटलं. दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. पांघरूण पायांवर लागतं आणि दोन मिनिटांत नको होतं. खाणं सगळं मऊ. भरवायला दादाने एक बाई ठेवल्या आहेत, त्या दोन्ही वेळा येतात. स्वभावाने चांगल्या आहेत, पण घाईच्या. बाबा त्यांना ‘गाडी सुटतेय का तुमची?’ असं विचारतात.

तुझी चौकशी रोज असते. परवा मला म्हणाले, “सूनबाई दिसत नाही.”

“तिच्या ताईंकडे गेली आहे, बाबा.”

“अजून? भांडलीस का तिच्याशी?”

“मी कशाला भांडू?”

“मग दादा भांडला असेल. तुम्ही दोघं भावंडं लहानपणापासून कुणाला तरी रडवल्याशिवाय जेवत नव्हता.”

मी हसले. बोलणं अजून थोडं जड आहे त्यांचं, पण जीभ पूर्वीसारखीच.

दादाबद्दल काय लिहू? बोलत नाही. तुझ्या कुंड्यांना मात्र न चुकता पाणी घालतो आणि इतकं घालतो की खालच्या बशा भरून गॅलरीत ओघळ येतात. एक झाड पिवळं पडलंय. मी म्हटलं, “अरे, बुडवतोयस त्याला.” तर म्हणाला, “कमी पडायला नको.” इस्त्री स्वतः करतो. कॉलरपाशी दरवेळी एक घडी राहते आणि ती घेऊनच ऑफिसला जातो. गेल्या रविवारी तो ते निवासस्थान बघून आला, जिथे म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवून घेतात. पुढच्या महिन्यात एक खोली रिकामी होतेय म्हणे. मला फक्त माहितीपत्रक दाखवलं. मी ते वाचलं, परत घडी घालून ठेवलं.

म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळतात त्या केंद्रात माझं जाणं चालू आहे. बाबा आता तिथे जात नाहीत, तरी केंद्राची वेबसाइट मीच सांभाळते, म्हणून आठवड्यातून एकदा चक्कर होते. एक गंमत सांगते. मध्ये एका गृहस्थांनी आपल्या बायकोला केंद्रात घालण्यासाठी घरून वेबसाइटवर फॉर्म भरला. चालायला आधार लागतो का? नाही. ऐकायला कमी येतं का? नाही. रात्री उठवावं लागतं का? नाही. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई खूश, म्हणाल्या, “इतकी ठणठणीत बाई आपल्याकडे कशाला येतेय?” ठरल्या दिवशी गृहस्थ आले ते चाकाची खुर्ची ढकलत. खुर्चीत बायको, कानाला यंत्र. सगळ्या हसल्या. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, “नवरे असेच. बायकोला काय होतंय ते त्यांना विचारू नका, शेजारणीला विचारा.” मीही हसले.

त्यानंतर त्या फॉर्ममध्ये थोडी डागडुजी केली आहे.

बाकी विशेष नाही. माझ्या दोन खोल्या, माझं टेबल, आणि वरच्या मजल्यावरच्या बाळाचं रडणं. तू म्हणायचीस तसं ‘वन्संचं पार्श्वसंगीत’. तुझ्या ताईंना नमस्कार सांग. त्यांच्या नातवाला दात आले का? तुझी झोप कशी आहे? खरं लिही.

तुझी,
मास्तरीण

ता. क. सहज विचारते. बाबांना केंद्रात घालताना तू फॉर्म भरलास, त्यात ‘गिळायला त्रास होतो का’ या प्रश्नावर तू नक्की काय केलं होतंस, आठवतं का? आठवत नसेल तरी हरकत नाही.


१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र परवा आलं. तेव्हापासून ते माझ्या टेबलावर आहे आणि मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून काम करते आहे.

तू लिहिलंस ते इथे पुन्हा लिहिते, कारण मला ते स्वतःच्या हाताने लिहिणं भाग आहे. ‘वन्सं, खरं सांगू का, नाही आठवत. आधी वाटायचं की मी ती जागा तशीच ठेवली होती. कधी ठसका लागतो, कधी नाही, मग हो म्हणू की नाही, असा विचार करत बसले होते एवढं डोळ्यांपुढे आहे. पण तुम्ही दाखवलंत तेव्हा नाही होतं ना? मग मीच लावलं असणार. यंत्र कशाला खोटं बोलेल? हल्ली मला माझंच काही खरं वाटत नाही. ताईच्या नातवाला दूध पाजायचं तरी मी कुणाला तरी विचारते. ताई चिडते, म्हणते तू काय पाहुणी आहेस? तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही जे खरं तेच दाखवलंत.’

वहिनी, तुझी आठवण बरोबर आहे. तू ती जागा तशीच ठेवली होतीस. ‘नाही’ तू लावलं नाहीस. ते मी लावलं.

तुला हे नीट कळावं म्हणून सावकाश सांगते. त्या फॉर्मवर प्रत्येक प्रश्नापुढे दोन गोल होते, हो आणि नाही. माणूस ज्या गोलावर बोट ठेवतो त्याचं उत्तर ‘पाठवा’ दाबल्यावर आमच्या सर्व्हरकडे येतं. कुठल्याच गोलावर बोट ठेवलं नाही, तर त्या प्रश्नाचं काहीच येत नाही. रिकामी जागासुद्धा येत नाही. तो प्रश्न विचारलाच नव्हता असं होतं. मग आलेलं घेऊन नोंद करायचं काम माझ्या प्रोग्रॅमचं. त्यात मी लिहिलं होतं की ‘हो’ आलं असेल तर हो लिही, नसेल तर नाही लिही. एवढंच. ज्याने काहीच सांगितलं नाही त्याच्या नावावरही ‘नाही’. आणि ती नोंद छापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागायची. मावशींनी ती वाचली आणि बाबांना चहाबरोबर कोरडं बिस्किट दिलं. त्याचाच ठसका लागला आणि कण छातीत गेले.

उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये, अशी सोय करता येते. मी ती आधी केली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, “लाल अक्षरं बघून लोक घाबरतात हो, निम्म्यात सोडून देतात.” मी ती काढून टाकली. काढल्यावर पुन्हा तपासलंही. कसं तपासलं ते ऐक. मी खोटी नावं घेऊन फॉर्म भरले, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी उत्तरं नीट दिली. मास्तरीण ना मी! एखादा प्रश्न आपल्या माणसाबद्दल विचारला जाईल आणि उत्तर देणाऱ्याचं बोट मध्येच थांबेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. परीक्षेत सगळे प्रश्न सोडवणारी मुलगी होते मी. कोरी जागा सोडणाऱ्यांना आळशी समजायचे.

ही झाली चूक. चूक म्हणून ती कुणीही माफ करेल, तूही. म्हणून तिच्यावर थांबत नाही.

दवाखान्यातला तो बाहेरचा पॅसेज. बाबा आत. हिरवी बाकं, आत्या जपमाळेसारखा पिशवीचा बंद फिरवत होती, काका उभे. दादा म्हणाला, “फॉर्ममध्ये त्रास होतो असं लिहिलं होतं की नाही?” तू म्हणालीस, “मी त्यावर काही लावलंच नव्हतं. विचारतील तेव्हा समजावून सांगेन असं ठरवलं होतं.” मी पर्समधून फोन काढला, नोंद उघडली, आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. म्हणाले, “वहिनी, इथे स्पष्ट ‘नाही’ आहे. यंत्र आपल्या मनाने उत्तर देत नसतं.” तू पुन्हा म्हणालीस, “पण मी नव्हतं लावलं.” तेव्हा दादाने तुझ्याकडे बघितलं. तू त्याच्याकडे, मग माझ्या फोनकडे. आणि म्हणालीस, “मग माझाच घोळ झाला असेल.”

त्या क्षणी मला खरंच माहीत नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आले. माहीत नव्हतं हे खरं. पण तू पहिल्यांदा ‘काही लावलंच नव्हतं’ म्हणालीस तेव्हा मला एक शंका आली होती. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमबद्दल अशी शंका आली की आपण घरी जाऊन तो उघडतो. मी तेच शिकले आहे, तेच करत आले आहे. त्या दिवशी मी घरी जाऊन तो उघडला नाही. आणि फोन इतका वर धरला, आवाज इतका ठाम काढला, तो तुला गप्प करायला नव्हता. माझ्या त्या शंकेला गप्प करायला होता. गप्प मात्र तू झालीस.

मग चाकाच्या खुर्चीची गंमत झाली. सगळ्या हसत होत्या, मीही, आणि हसता हसता मी त्या गृहस्थांना फॉर्मबद्दल विचारलं. त्या गृहस्थांनी नाव आणि फोन नंबर सोडून काहीच भरलं नव्हतं. नवऱ्याचा वेंधळेपणा म्हणून आम्ही ज्याला हसलो तो माझा प्रोग्रॅम होता. घरी येऊन उघडला. ती ओळ समोरच होती. मग बाबांचा फॉर्म शोधला. लोकांकडून मुळात काय काय आलं याची कच्ची नोंद सर्व्हरवर काही आठवडे राहते, मग आपोआप पुसली जाते. तुझी जेमतेम शिल्लक होती. नाव, वय, औषधं, चष्मा आहे का, कवळी आहे का, सगळं ओळीने. कवळीपुढे तू ‘वरची, सैल आहे’ असंही लिहिलं होतंस. गिळण्याच्या प्रश्नाची ओळच नव्हती.

मी फॉर्म दुरुस्त केला. आता तिसरा गोल आहे, ‘नक्की सांगता येत नाही’. आणि कुणी काहीच लावलं नाही तर नोंदीत ‘उत्तर नाही, विचारून घ्या’ असं येतं. मोठ्या बाईंना म्हणाले, “थोडी डागडुजी केली.” त्या म्हणाल्या, “तुम्ही आहात म्हणून चाललंय हो.” मी म्हणाले, “असू दे.”

दादाला सांगितलं नाही. तुला सांगितलं नाही. रोज ठरवायचे, आणि रोज सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड व्हायचं, कारण आता चुकीबरोबर आदल्या दिवसाचं गप्प राहणंही सांगावं लागणार होतं. आणि अजून एक. तुझी ती कच्ची नोंद मी जपून ठेवली नाही. एक बटण दाबायचं काम होतं. विसरले म्हणायला मला आवडेल. मी विसरले नव्हते. मी ती मुदतीची वाट बघत पडून राहू दिली, आणि मग ती पुसली गेली. तुझ्या बाजूचा तेवढा एक पुरावा होता. आता फक्त माझा शब्द उरला आहे.

आणि गेल्या पत्रातलं ते ‘सहज’. ते सहज नव्हतं. ‘आठवत नसेल तरी हरकत नाही’ हे मी लिहिलं कारण तुला आठवू नये असंच मला हवं होतं. तुझं ‘नाही आठवत’ आलं असतं आणि मी माझी सुटका करून घेतली असती. ते आलंही. पण त्याच्यासोबत त्या बाळाचं दूध आलं.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर माझा आवाज जरा पडला की तू ‘असू दे हो वन्सं’ म्हणशील. ते कृपा करून म्हणू नकोस, लिहूही नकोस. रागावलीस तर चालेल. पत्र फाडलंस तरी चालेल. फक्त त्याआधी एवढं घे की तुझं डोकं ठीक आहे. तुला जे आठवत होतं ते तसंच घडलं होतं. बाळाला दूध कुणाला न विचारता पाज.

हे बंद करून आधी पोस्टात टाकते, मग केंद्रात आणि दादाकडे जाते. उलट केलं तर कुणीतरी मला हे पत्र न टाकण्याचं चांगलं कारण देईल, आणि मी ते घेईन.

तुझी अपराधी,
मास्तरीण


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते. उत्तर यावंच असंही नाही.

केंद्रात आधी गेले. दादापेक्षा ते सोपं होतं म्हणूनच आधी, हे मला कळत होतं. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “पण आता दुरुस्त आहे ना?”

“नवीन येणाऱ्यांचं. आधीच्या सगळ्यांच्या नोंदींत ‘नाही’ आहेत, त्यांतली खरी कुठली आणि माझी कुठली ते कुणालाच सांगता येणार नाही.”

“म्हणजे घरोघरी फोन?”

“मी करते. तोवर भिंतीवरचे कागद काढायला हवेत.”

 त्या स्वतः उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन कागद काढायला लागल्या. मावशी तिथे नव्हत्या. त्या प्रकारानंतर त्यांना धुलाईच्या खोलीत पाठवलं होतं, हे मला ठाऊक होतं आणि मी तुला लिहिलं नव्हतं. तिथे जाऊन त्यांनाही सांगितलं. हातातली चादर तशीच धरून त्या म्हणाल्या, “म्हणजे कागदावर ‘नाही’च होतं? मला वाटायला लागलं होतं मीच उलटं वाचलं. नातीला बरोबर घेऊन डोळे तपासून आणले.” मग म्हणाल्या, “चष्म्याचा नंबर तसाच निघाला, तरी घाबरत होते.” माझ्याकडे न बघता त्यांनी चादरीची घडी पुरी केली. उद्यापासून त्या पुन्हा स्वयंपाकघरात आहेत. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

संध्याकाळी दादाकडे. तो शर्टाला इस्त्री करत होता. मी सांगत गेले आणि तो इस्त्री फिरवत राहिला. संपल्यावर म्हणाला, “पुरावा आहे?”

“नाही. पुसला गेला. मी जाऊ दिला. माझा शब्द आहे फक्त.”

“त्या दिवशीही तुझाच शब्द होता.”

त्याने इस्त्री उभी ठेवली. म्हणाला, “तिला कळवू नकोस एवढ्यात. झालं गेलं ते… उगाच परत सगळं उकरून निघेल.”

“पत्र गेलंय.”

तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. माझ्यावर ओरडला, आणि ओरडताना जे जे बाहेर आलं त्यावरून मला कळलं की तू जाण्याआधीच्या आठवड्यात तो तुला काय काय बोलला होता. मला ते ठाऊक नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस. ‘तुझ्या भरवशावर बाबांना ठेवता येत नाही’ एवढं मी ऐकलं होतं, त्याच्या पुढचं नाही. मग बाबांच्या खोलीतून आवाज आला, “कोण पडलं रे?” आणि दादा आत जाऊन ‘कुणी नाही’ सांगून आला.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “ती दोनदा म्हणाली होती ना? लावलं नव्हतं म्हणून.”

“दोनदा.”

“मी ऐकलं नाही.”

“मी बोलत होते.”

“तू बोलत होतीस म्हणून नाही गं,” तो म्हणाला. “मला कुणाचं तरी चुकलेलं हवं होतं.”

मी त्याची बाजू मांडत नाही. त्याने तुला फोन करायला हवा. काल दोनदा फोन हातात घेऊन गॅलरीत गेला आणि कुंड्यांना पाणी घालून आत आला. त्याचं त्यालाच करावं लागेल, माझ्या मार्फत नको. त्या निवासस्थानाला मात्र त्याने माझ्यासमोर फोन करून खोली नको म्हणून सांगितलं.

घरच्या सगळ्यांना मी काल हा मजकूर पाठवला. तुला शब्द न् शब्द माहीत असावा म्हणून देते: ‘केंद्राच्या फॉर्मवर वहिनीने चुकीचं काही भरलं नव्हतं. तिने ती जागा रिकामी ठेवली होती, आणि दवाखान्यात तसं सांगितलंही होतं. रिकाम्या जागेचं नाही माझ्या प्रोग्रॅमने केलं. सगळ्यांसमोर मी तिला खोटं पाडलं. नंतर खरं कळूनही मी गप्प राहिले.’ काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. कुणापुढे जोडले ते कळलं नाही. आत्याचा लगेच फोन आला. “सोप्या भाषेत सांग, चूक कुणाची?”

“माझी.”

“मग ती तेव्हा भांडली का नाही? तोंड नव्हतं तिला?”

“होतं, आत्या. माझ्या हातात फोन होता.”

आत्या म्हणाली, “हं.” मग म्हणाली, “मीही तिच्याबद्दल बरंच बोलले गं. तुझ्या काकूकडे, खालच्या मजल्यावर…” आणि ती एकेक घर मोजत बसली. तिने सगळीकडे फोन करायचं कबूल केलं आहे. तू आत्याला ओळखतेस, आजवर कुठली बातमी तिच्याकडे पडून राहिलेली नाही.

आता यापुढचं जपून लिहिते. ‘परत ये’ असं मी लिहिणार नाही. बाबा विचारतात, घर विचारतं, तरी नाही. तसं लिहिलं तर माझी चूक निस्तरायला पुन्हा तुलाच बोलावल्यासारखं होईल. तुला यावंसं वाटेल तेव्हा ये, वाटलं नाही तर नको येऊस. दादाने विचारलं, “येईल का ती?” मी म्हटलं, “ते तिला विचार.” सकाळी त्याने आणि दुपारी मी, अशी आम्ही बाबांची वाटणी केली आहे. भरवणाऱ्या बाई या आठवड्यानंतर येणार नाहीत, त्यांच्या मुलीचं बाळंतपण आहे.

त्यावरून एक राहिलेलं सांगते. आधीच्या दोन्ही पत्रांत हे आलं नाही; हे टाळतेय हे लिहितानाही कळत होतं. ठसका लागला त्या दिवसापासून मी बाबांना एक घाससुद्धा भरवलेला नाही. बाईंना उशीर झाला की मी ताट झाकून ठेवते आणि दादाची वाट बघते. गेल्या आठवड्यात बाई आल्याच नाहीत. बाबा म्हणाले, “भूक लागलीय गं.” मी म्हटलं, “येईलच दादा.” त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खिडकीबाहेर बघत बसले, अगदी शहाण्यासारखे. दादा आला तोवर भात घट्ट गोळा झाला होता. मी तो पुन्हा गरम करून दादाच्या हातात दिला. भीती वाटते, वहिनी. माझ्या हातून ठसका लागला तर या वेळी दाखवायला हातात फोन नसेल. म्हणजे ही भीती त्यांच्यासाठी होती की माझ्यासाठी, हेही बघून झालं माझं. माझ्यासाठी होती.

गिळायला त्रास होतो का, हा प्रश्न मीच लिहिला होता. घास कुठे अडतो, कधी उतरतो, पाण्याने बरं होतं की बिघडतं, हे मी समोर बसून एकदाही पाहिलेलं नाही. तू रोज पाहायचीस. म्हणून तुझं बोट थांबलं. काल मी डॉक्टरांना विचारून आले. सरळ बसवायचं, हनुवटी जरा खाली, अर्धा चमचा, गिळताना कंठ वर-खाली होतो ते पूर्ण होऊ द्यायचं, मध्ये बोलायला लावायचं नाही. एवढं त्यांनी सांगितलं. बाकीचं बाबांकडूनच कळेल.

तुझ्या ताईंना माझा नमस्कार सांगू नकोस; त्यांना आधी हे सगळं वाचून दाखव, मग त्या घेतील तर सांग.

जिच्यावर तू विश्वास ठेवलास, ती
मास्तरीण

उद्या: बाबांचं दुपारचं जेवण मी भरवायचं.